अडीच हजारांचं सीड फंडिंग

पी. साईनाथ यांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. टँकर आणि चारा छावण्या बघत वाढलेल्या आम्हा सोलापूरकरांना त्यातलं 'तिसरं पीक' समजावून सांगावं लागत नाही. दोन पिकं शेतातली, तिसरं दुष्काळ निवारणाच्या पैशांचं! पण हे पुस्तक मुळात घडलं कसं? १९९३ साली साईनाथना टाइम्स ऑफ इंडियाची फेलोशिप मिळाली, म्हणून ते पलामू, कालाहंडी, सरगुजा अशा जिल्ह्यांत महिनोन्महिने फिरू शकले. रोज संध्याकाळी बातमी द्यायची असेल तर हे जमणं अशक्यच. त्या वेळेचं बिल कुणीतरी भरावं लागतं.

आपल्याकडे असं बिल एका राजाने भरलेलं आहे. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' हे पाक्षिक निघालं, ते शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांवर. आमच्या भाषेत सीड फंडिंग. डॉ. आंबेडकर तेव्हा २८ वर्षांचे होते (म्हणजे जवळपास माझ्याच वयाचे, असो). सिडनहॅम कॉलेजातली नोकरी सरकारी, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं. 'केसरी'ने तर पैसे देऊनही या पत्राची जाहिरात छापली नाही. आधीपासून चालू असलेल्या पत्रांत ही बाजू येणारच नव्हती, म्हणून बाहेरचा पैसा लागला.

पण सीड फंडिंग संपतंच. जुलै १९२० मध्ये आंबेडकर लंडनला गेले, मे १९२२ मध्ये महाराज वारले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडलं. १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघालं तेव्हा मागे कुठलं संस्थान नव्हतं. मजकुराचे रकानेच्या रकाने आंबेडकर एकटे लिहीत. १९२९ च्या नोव्हेंबरात तेही थांबलं.

आज राजांच्या जागी उद्योगपतींचे ट्रस्ट आहेत. स्वतंत्र न्यूज साइट्सना अनुदान देणाऱ्या बेंगळुरूच्या इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशनवर सप्टेंबर २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याची माणसं येऊन गेली. परदेशातून पैसा आणावा म्हटलं, तर २०१० च्या एफसीआरए कायद्याने नोंदणीकृत वृत्तपत्रांच्या मालक-संपादकांना तो दरवाजा बंदच आहे.

मग उद्या सांगोल्यातली टँकरची बिलं तपासायला एखादा बातमीदार महिनाभर तिथे बसवायचा म्हटलं, तर त्याचा पगार, एसटीचं भाडं आणि नोटीस आलीच तर वकिलाची फी कुणाच्या खिशातून जाणार?