माघारी न फिरलेली माणसं

श्रद्धेसाठी छळ सोसणारे ख्रिस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रोम उभं राहतं. नीरो, आखाडा, भुकेले सिंह वगैरे. (हॉलिवूडची कृपा!) मराठी मुलखात असलं काही घडलं नाही. इथे कोणाला सिंहापुढे टाकलं नाही. इथली परीक्षा झाली ती पाण्याच्या हंड्याशी, जेवणाच्या पंगतीत, नवरा-बायकोत आणि क्वचित कोर्टात. आणि खरं सांगायचं तर ती जास्त चिवट परीक्षा होती. सिंह एकदाच खातो, पंगतीतून उठवलेल्या माणसाला मात्र रोज दोन वेळा जेवावं लागतं.

गेले काही शनिवार-रविवार मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचतोय आणि त्या निमित्ताने आजूबाजूचंही बरंच. त्यातून जे डोक्यात घोळतंय ते इथे लिहून काढतो. मी धर्माने ख्रिस्ती नाही, प्रचार वगैरे करायचा नाहीये. मला कुतूहल आहे ते एवढंच, की सगळं सोडून जावं लागत असताना माणूस टिकतो तो नेमका कशावर?

सुरुवात १८४३ पासून करू. मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळेत शेषाद्री आडनावाचे दोन ब्राह्मण भाऊ शिकत होते. थोरला नारायण, धाकटा श्रीपत. नारायणने त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. श्रीपत बारा-एक वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले. मुलगा अज्ञान, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. इथपर्यंत सरळ आहे. खरी गंमत (गंमत कसली म्हणा!) पुढे आहे. पोरगं घरी आलं खरं, पण ते मिशनऱ्यांकडे जेवलं होतं, मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावं म्हणाले. त्यावरून ब्रह्मवृंदात फूट पडली आणि खुद्द जांभेकरांनाच बहिष्काराचे चटके बसले.

आम्ही सॉफ्टवेअरवाले कुठलाही मोठा बदल करण्याआधी 'रोलबॅक'चा रस्ता तयार ठेवतो. जमलं नाही तर पूर्ववत. त्या काळच्या धर्मांतराला रोलबॅकच नव्हता. एकदा पाणी प्यालात की प्यालात. म्हणून त्या पिढीतल्या माणसांनी 'करून बघू' म्हणून काही केलं असेल असं मला वाटत नाही. बाबा पदमनजींचंच बघा. जन्म १८३१, बेळगावचा. मनात चलबिचल कित्येक वर्षं चालू, मधल्या काळात मुंबईच्या गुप्त परमहंस सभेतही वावरून झालं, आणि बाप्तिस्मा घेतला १८५४ च्या सप्टेंबरात. मग घर दुरावलं, पत्नी दुरावली. तीन वर्षांनी, १८५७ साली, याच माणसाने 'यमुनापर्यटन' लिहिलं. विधवांच्या हालांवरची ही गोष्ट मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. म्हणजे ज्या समाजाने बाहेर काढलं, त्याच समाजातल्या बायकांची दुःखं हा गृहस्थ बाहेर बसून लिहीत होता. वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत जगले, १९०६ साली गेले, लिहिणं कधी थांबलं नाही.

इथे कायद्याचा भाग थोडक्यात सांगायला हवा, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळत नाही. जात किंवा धर्म सोडला तर वडिलार्जित मालमत्तेवरचा हक्क जायचा. ते १८५० च्या कायद्याने बंद केलं. मग प्रश्न उरला लग्नाचा. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायकोने नांदायला नकार दिला तर? त्यासाठी १८६६ साली वेगळा कायदा आला. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने सोडून राहिला, तर ख्रिस्ती झालेल्या माणसाने कोर्टात जायचं. कोर्ट दुसऱ्या बाजूला विचारणार, नकारच असेल तर वर्षभर थांबणार, आणि तरीही नकार कायम असेल तर लग्न मोडणार. दोघंही पुन्हा लग्नाला मोकळे. एकूण हिशोब दीड-दोन वर्षांचा.

आता नारायण वामन टिळक. (लोकमान्य नव्हेत. हे कवी, 'फुलांमुलांचे कवी' म्हणतात ते.) जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. संस्कृतचा व्यासंग, तापट डोकं, एका जागी न टिकणारा स्वभाव. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. त्याने 'नवा करार' हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी पुस्तक वाचलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता!

बायको म्हणजे लक्ष्मीबाई. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं, वडील सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, असलं घर. त्या घरातल्या बाईचा नवरा ख्रिस्ती झाला, आणि तिला ते कळलं सगळं होऊन गेल्यावर.

आपण धर्मावरच्या निष्ठेची गोष्ट म्हटलं की टिळकांकडे बघतो. मला वाटतं तितकंच लक्ष्मीबाईंकडे बघायला हवं, कारण पुढची चार-पाच वर्षं खरी निष्ठा पाळली ती त्यांनी, आणि तीही हिंदू धर्मावर! नवऱ्यावर जीव आहे, पदरात दत्तू आहे, नातेवाईकांचे सल्ले चालू आहेत, लोकांच्या नजरा आहेत, आणि बाई आपलं सोवळं सोडत नाही. नवरा गेला म्हणून माझा देव गेला नाही, अशी त्यांची रोकठोक भूमिका.

आणि टिळक? १८६६ चा कायदा त्यांच्यासाठी उघडा होता. दीड-दोन वर्षांत मोकळे झाले असते, मिशनच्या ओळखीपाळखीत दुसरं लग्न जमायलाही अडचण आली नसती. त्यांनी त्या कायद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थांबले, पत्रं लिहीत राहिले. बाप्तिस्म्याबाबत ज्यांनी बायकोला विचारलं नाही, त्याच टिळकांनी बायकोच्या बाप्तिस्म्याबाबत जबरदस्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे गेल्या त्या हिंदू म्हणूनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. एका छपराखाली दोन धर्म, आणि दोघंही तापट. भांडणं कशी रंगली असतील ते 'स्मृतिचित्रे'तच वाचा, हसता हसता पोट दुखतं. पुरुषार्थ म्हणून टिळकांचं जे काही कौतुक करायचं ते मी बाप्तिस्म्यापेक्षा या थांबण्याबद्दल करीन.

लक्ष्मीबाई बदलल्या त्याही कुठल्या प्रवचनाने नाही. एके दिवशी त्यांनी आपल्या डोक्याने विचार केला, की माणसं देवाने केली हे खरं, पण जाती त्याने केल्या का? उत्तर नाही असं आलं. झालं, सोवळं संपलं. कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं आणि पाळलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली, दत्तूसह. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी पाण्याचा हंडा, मग बाप्तिस्मा. नवऱ्याच्या मागोमाग मुकाट्याने गेल्या असत्या तर वर्ष-दोन वर्षं वाचली असती, पण मग ती श्रद्धा उसनी असती. पुढे प्लेगची साथ, पैशांची कायमची ओढाताण (टिळकांच्या हातात पैसा टिकतच नसे), घरात येऊन राहणारी अनाथ पोरं, कविता करणारा ठोमरे नावाचा मुलगा, म्हणजे आपले बालकवी. या सगळ्यात ही बाई डगमगली नाही, त्याचं कारण मला त्या पाच वर्षांच्या नकारात दिसतं.

टिळकांची कसोटी वेगळी. ख्रिस्ती झाल्यावर त्यांना दोन्हीकडून धरलं. जुने लोक म्हणायचे बाटगा, आणि मिशनमधल्या काहींना हा माणूस पुरेसा 'साहेबी' वाटेना. उपासनेत परदेशी चालींवर बसवलेली गाणी, टिळकांना हवे होते अभंग. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. (तुकोबांनी ज्यांना गुरू म्हटलं त्या बाबाजी चैतन्यांची समाधी आमच्या जुन्नर तालुक्यात, ओतूरला आहे. तेव्हा तो पूल आमच्या बाजूने सुरू होतो असं म्हणायला हरकत नाही!) नगरकडे ख्रिस्ती कीर्तन टिळकांच्या आधीपासून होतं, कृष्णराव सांगळ्यांनी ते रुजवलं होतं. टिळकांनी त्याला स्वतःच्या रचनांची भर घातली. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीच सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. तिथे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा. ख्रिस्त सोडला नाही, पगार सोडला. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये ते गेले.

मागे राहिलं 'ख्रिस्तायन'. ख्रिस्ताचं ओवीबद्ध चरित्र, टिळकांचं स्वप्न. त्यांचे साडेदहा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्यांचं शिक्षण म्हणजे नवऱ्याने लहर लागेल तेव्हा शिकवलेली अक्षरं, त्या बाईंनी! १९३६ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या.

पंडिता रमाबाईंबद्दल इथे दोनच वाक्यं, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. १८९३ साली त्यांच्या शारदासदनात धर्मांतराचा आरोप झाला, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं, पालक मुली काढून नेऊ लागले. आणि तीन-चार वर्षांत, दुष्काळात, त्याच रमाबाई पुणे जिल्ह्यातल्या केडगावला शेकडो पोरीबाळींना आसरा देत होत्या.

आता मला सगळ्यात जास्त छळणारा भाग. वरची सगळी माणसं लिहिणारी होती. पदमनजींनी 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिलं, लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'. पण नगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती हे ब्राह्मण नव्हते, कासार नव्हते. ते महार आणि मांग समाजातले होते. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर तिथल्या खेड्यांतून घरंच्या घरं ख्रिस्ती झाली. आमचं निमगाव सावा जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, म्हणजे हा सगळा मुलूख आम्हाला शेजारचाच. पारनेर ओलांडलं की नगरची वाट.

या लोकांना 'पोटासाठी बाटले' म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. दुष्काळ दोन-तीन वर्षांत सरला, धान्यवाटप थांबलं, मग माघारी जायला हवं होतं ना? बरेच गेलेही असतील. पण पिढ्यान्पिढ्या न गेलेले काय म्हणून राहिले? गावकीतली कामं, देवीच्या जत्रेतले मान आणि मानाच्या नावाखालचे अपमान, सोयरिकी, सगळं एकमेकांत गुंतलेलं. त्यातून एक दोरा काढायचा म्हणजे सगळं विणकाम उसवायचं. विहिरीवर तर आधीही जागा नव्हती आणि ख्रिस्ती झाल्यावरही गावाच्या लेखी जात तीच राहिली. लक्ष्मीबाईंनी पाण्याचा हंडा स्वतःहून बाटवला. या लोकांना तो शिवायचीच बंदी होती, त्यांनी सोडायचं काय?

सोडायची गोष्ट पुढे आली, स्वतंत्र भारतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली आणि त्यात अट आली, हिंदू सोडून दुसऱ्या धर्माचा माणूस यात धरायचा नाही. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. आतल्या-बाहेरच्या दोन्ही बाजूंना युक्तिवाद आहेत, कोर्टात त्यावर वर्षानुवर्षं खल चाललाय, २०२२ साली केंद्राने त्यावर एक आयोगही नेमला. त्या वादात मी इथे शिरत नाही. मला दिसतं ते शाळेच्या दाखल्याचं टेबल. मुलाचं नाव घालायला आलेला बाप, समोर धर्माचा रकाना. एक शब्द लिहिला तर पोराला सवलत, दुसरा लिहिला तर नाही. चर्चला रविवारी जायचं आणि कागदावर दुसरं लिहायचं, असाही मार्ग काहींनी काढला असणार, आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण काहींनी खरं ते लिहिलं. दर पिढीला, दर पोराच्या वेळी.

त्यांच्यापैकी कोणाची 'स्मृतिचित्रे' आपल्याकडे तेवढी गाजलेली नाहीत. एखाद्या मास्तराने, बायबल सांगत गावोगाव हिंडणाऱ्या एखाद्या बाईने, वहीत लिहून ठेवलेलं काही कोणाच्या घरी ट्रंकेत पडलं असेल तर मला वाचायला फार आवडेल. पारनेर, शिरूर, जुन्नर, कुठलंही चालेल. येऊन घेऊन जाईन, झेरॉक्स काढून परत आणून देईन.