खूरधारी प्राण्यांची आवारे : पुणे, मुंबई व नागपूर येथील प्राणिसंग्रहालयांचा तौलनिक विचार

प्राणिसंग्रहालयांच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यांकडे जाते. खूरधारी सस्तन प्राण्यांचा, म्हणजे हरणे, कुरंग, गवा यांसारख्या समखुरी आणि गेंड्यासारख्या विषमखुरी प्राण्यांचा उल्लेख नामावलीपुरता होतो. गोंदिया जिल्ह्यातील अभ्यासकाला ही उपेक्षा विशेष जाणवते. नवेगाव व नागझिरा येथील अरण्यांना २०१३ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला; परंतु तेथील वाघ ज्यांच्यावर जगतो ते चितळ, सांबर, रोही व रानगवे इतिहासलेखनात क्वचितच येतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील तीन शहरांमधील संग्रहांची तुलना प्राण्यांच्या संख्येवरून न करता त्यांच्या आवारांवरून केली आहे. किती जाती जमविल्या यावरून संग्राहकाची ऐपत कळते. त्या कशा ठेवल्या यावरून त्याची दृष्टी कळते.

पुण्याची परंपरा सर्वांत जुनी आहे. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराने १७९० साली त्यातील गेंड्याचे चित्र काढले. हे चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पेशव्यांच्या वैभवाचे वर्णन करणारे लेखन विपुल आहे, पण त्या वैभवाचा एक घटक असलेल्या प्राण्याकडे स्थानिक कलावंताने इतक्या बारकाईने पाहिल्याचे असे उदाहरण विरळा. शिकारखाना दरबारासाठी होता. गेंडा हा दूरदेशीचा, दुर्मीळ व म्हणूनच प्रतिष्ठेचा प्राणी. त्याला जागा किती लागते हा प्रश्न त्या व्यवस्थेत गौण होता.

एकोणिसाव्या शतकात दरबाराची जागा सार्वजनिक उद्यानाने घेतली. मुंबईचे व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजेच आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली खुले झाले. नागपुरात भोसल्यांच्या महाराजबागेत १८९४ साली प्राणिसंग्रहालय सुरू झाले. पुढे ते कृषी महाविद्यालयाबरोबर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या व्यवस्थेत आले. दोन्ही ठिकाणी आधी बाग होती, प्राणी नंतर आले. त्यामुळे फुलांच्या ताटव्यांमधून उरलेल्या जागेत, जाळीच्या कुंपणाआड हरणे उभी राहिली. कुटुंबासह फिरावयास आलेल्या नागरिकाला ती जवळून दिसावीत हा हेतू होता आणि तो सफल झाला. मात्र हरणाच्या बाबतीत जवळीक हीच अडचण ठरते. वाघ कोंडला तरी तो माणसाला भीत नाही. चितळ किंवा काळवीट यांचे संरक्षण पळण्यात असते. चारही बाजूंनी प्रेक्षक आणि आडोसा कोठेच नाही, अशा आवारात बिथरलेले हरीण जाळीवर आदळून जखमी होते. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांची सहल घेऊन महाराजबागेत गेलो असता मुलांनी चितळांकडे पाहिलेही नाही. 'सर, हे तर आमच्या शेतात येतात,' असे एकाने सांगितले. ते खरेच होते.

पुण्यात १९५३ साली सुरू झालेला पेशवे पार्क याच पठडीतला होता. कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ साली सुरू झाले आणि पेशवे पार्कातील प्राणी तेथे हलविण्यात आले. सुमारे १३० एकरांच्या या जागेत तळे आहे, झाडी आहे. प्रेक्षक व प्राणी यांच्यामध्ये बऱ्याच ठिकाणी खंदक आहे. दोन संस्थांमधील हा फरक केवळ क्षेत्रफळाचा नाही. मध्यंतरी कायदा बदलला होता. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि मान्यतेचे नियम आले. त्या नियमांच्या परिशिष्टात वाघाच्या जोडीसाठी किमान १००० चौरस मीटर, रानगव्यासाठी १५०० आणि चिंकाऱ्यासाठी तब्बल २५०० चौरस मीटर खुले आवार सांगितले होते. वीस-पंचवीस किलोच्या चिंकाऱ्याला वाघाच्या अडीचपट जागा! आवार प्राण्याच्या देहावरून नव्हे तर त्याच्या धावेवरून मोजावे, हे तत्त्व येथे सरकारी कागदावर उतरले. आपल्या प्राणिसंग्रहालयांच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना होय, असे मला वाटते. तिची चर्चा मात्र फारशी होत नाही.

तथापि प्रशस्त आवाराने सर्व प्रश्न सुटत नाहीत. जुलै २०२५ मध्ये कात्रज येथे थोड्याच दिवसांत पंधराहून अधिक चितळ दगावले व तपासणीत लाळ्या-खुरकूत रोगाचे निदान झाले. गुराढोरांचा हा रोग आपल्या शेतकऱ्याला चांगला परिचित आहे. कळप हे हरणाचे बळ, परंतु बंदिस्त जागेत तोच कळप संसर्गाची वाट होतो.

या संदर्भात गोंदियाच्या शेजारचे एक उदाहरण नजरेआड करता येत नाही, जरी ते प्राणिसंग्रहालय नाही. कान्हाच्या अरण्यात १९७० साली कठीण भूमीवरील बाराशिंगे अवघे ६६ उरले होते. तेव्हा अरण्यातच हिंस्र पशूंना शिरता येणार नाही असे कुंपण घालून काही बाराशिंगे त्यात ठेवण्यात आले. उंच गवतात पाडसे लपवून वाढविणाऱ्या या प्राण्यासाठी कुरणेही राखली गेली. तेथे प्रेक्षकाची सोय पाहिली नव्हती. दाखविणे हा हेतूच नव्हता. पुढे कान्हातील बाराशिंग्यांची संख्या अनेक पटींनी वाढली आणि सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही काही नेऊन सोडण्यात आले. कुंपण तेच, पण त्याची बाजू बदलली होती. महाराजबागेत ते हरणाला आत ठेवीत होते, कान्हात वाघाला बाहेर.

नागपूरजवळ गोरेवाडा येथे २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या सफारीत तृणभक्षी प्राण्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तेथे पर्यटक वाहनात बंदिस्त असतो आणि रोही मोकळा. आमच्या जिल्ह्यातून तेथे जाणारी मुले अजूनही पहिला प्रश्न वाघाविषयीच विचारतात.