नळी डबीत शिरते तेथे : तारेच्या संरक्षणाचा इतिहास

विजेची तार नळीच्या मधल्या भागात सहसा दुखावत नाही. ती दुखावते नळीच्या तोंडाशी, जेथून ती डबीत वळते. या बोटभर जागेसाठी स्वतंत्र नियम झाले, आणि ते बव्हंशी विमा कंपन्यांच्या धास्तीतून झाले.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे पर्ल स्ट्रीट केंद्र सुरू झाले. त्या काळी सुती विणीवर पांढऱ्या शिशाचा रंग दिलेली तार सर्रास वापरत. विमा उतरवणाऱ्यांच्या मान्यतेमुळे तिला ‘अंडररायटर्स वायर’ म्हणत. ओल लागताच ती घातक ठरे, म्हणून कारागिरांनी तिचे ‘अंडरटेकर्स वायर’ करून टाकले. अंडरटेकर म्हणजे प्रेताची व्यवस्था पाहणारा. तुळईतून तार न्यायची तर छिद्रात चिनी मातीची नळी बसवत. कडेचे संरक्षण हा विचार तेथपासूनचा.

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील विद्युतयोजना विम्याच्या दृष्टीने तपासणारे विल्यम मेरिल यांनी पुढच्याच वर्षी चाचणीची प्रयोगशाळा काढली. तीच पुढे अंडररायटर्स लॅबोरेटरीज झाली. १८९७ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता आली.

लोखंडी नळीने तारेला चिलखत दिले खरे, पण करवतीने कापलेल्या तोंडाशी धारदार कंगोरा उरे. तार ओढताना तो रबरी आवरण सोली आणि डबीसकट सारी नळी जिवंत होई. म्हणून तोंड आतून घासायचे, नळी नटाने डबीला आवळायची आणि टोकावर गोल कडेचा बुश चढवायचा, ही रीत रूढ झाली.

मग प्लास्टिक आले. रेन्यो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला पीव्हीसी १८३५ मध्येच दिसले होते. ते लवचीक करून व्यवहारात आणले वॉल्डो सेमन यांनी, १९२६ मध्ये. नळी वीजवाहक नाही, मग बुश कशाला? हा प्रश्न शहाण्यासुरत्यांनाही पडतो. परंतु कापलेले प्लास्टिकही धारदार असते, आणि तारेचे आवरण बहुधा त्याच पीव्हीसीचे, तेही मऊ केलेले. त्यातून डबी पत्र्याची असली आणि नळी सुटून मागे सरकली, तर तार थेट पत्र्याच्या धारेवर टेकते. धोका लोखंडाच्या काळातलाच, फक्त जागा बदललेली.

म्हणूनच अमेरिकी संहितेचे कलम ३५२.४६ पीव्हीसी नळी डबीत शिरते तेथे बुश किंवा अडॅप्टर मागते. डबीची घडणच तितके संरक्षण देत असेल तर सूट. ४ गेज व त्याहून जाड तारांसाठी, म्हणजे साधारण २१ चौरस मिलिमीटर तांब्यापासून पुढे, गुळगुळीत गोल कडेचे विद्युतरोधक तोंड वेगळ्या कलमाने सांगितले आहे. जाड तार वळताना कडेवर सारा भार टाकते. तो दाब काम संपल्यावरही वर्षानुवर्षे तसाच राहतो.

बुश मात्र तार ओढण्याआधीच बसवावा लागतो. नंतर आठवला, तर तार पुन्हा सोडवून बाहेर काढावी लागते.