जाखडी : रिंगणातून रंगमंचावर

रत्नागिरी जिल्ह्यात भातलावणी आटोपली की वाडीवाडीत जाखडीच्या तालमी सुरू होतात आणि गौरी-गणपतीत हा नाच घरोघरच्या अंगणात उभा राहतो. मुंबईत तो 'बाल्या नाच' म्हणून ओळखला जातो. कानात बाळी घालणाऱ्या कोकणी घरगड्यांना शहराने 'बाल्या' म्हटले आणि तेच नाव नाचालाही चिकटले. त्यात कौतुकापेक्षा हिणवणेच अधिक होते. 'जाखडी' हा शब्द मात्र 'जखडणे' म्हणजे बांधणे या क्रियापदाशी जोडला जातो.

या नाचाचे तंत्र त्याच्या रिंगणात आहे. मधोमध ढोलकी किंवा मृदंग, झांज आणि गाणारे बसतात. नाचणारे त्यांच्याभोवती फिरतात. घुंगरांचा चाळ एकाच पायात असतो, त्यामुळे त्या पायाचा आघात स्वच्छ ऐकू येतो आणि चुकलेले पाऊल लपत नाही. लय संथ सुरू होऊन चढत जाते. अमेरिकेत आर्थर मरे यांनी बॉलरूम नृत्याच्या पावलांचे आराखडे टपालाने विकले; जाखडीची पावले अशी कागदावर उतरली नाहीत. पुढच्याच्या पायाकडे पाहत मागच्याने शिकायचे, हीच येथली शाळा.

गीतांची परंपरा कलगी-तुऱ्याची. कोकणात कलगीवाल्यांना शक्तीवाले म्हणतात. ते आदिमायेचे श्रेष्ठत्व मांडतात, तुरेवाले शिवाचे. गण, गौळण झाल्यावर दोन शाहिरांचे सवाल-जवाब रंगतात. पुराणातील आडवळणाचा प्रश्न टाकून प्रतिपक्षाला निरुत्तर करणे, यातच खरी ईर्षा.

चाकरमान्यांबरोबर हा नाच मुंबईच्या चाळींत आणि पुढे तिकीट लावून नाट्यगृहांत गेला. १९८२च्या संपानंतर अनेक गिरणी कामगार गावी परतले, तरी शहरातील सामने थांबले नाहीत. नाट्यगृहाने नाचाचा आकार मात्र बदलला. प्रेक्षक एकाच बाजूला असल्याने गाणारे मागे सरकले, नाचणारे पुढे ओळीत आले. झगमगीत पोशाख आले, इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली, चित्रपटगीतांच्या चाली शिरल्या. चालींबद्दल जाणकार कुरकुर करतात. आमच्या मते रिंगण मोडल्याचे नुकसान त्याहून मोठे आहे, कारण पायाकडे पाहून शिकण्याची सोयच त्यात गेली. मात्र पूर्वी पुरुषांपुरत्या असलेल्या या मंचावर आता महिला शाहीर आणि महिलांचे संचही उभे राहतात, ही जमेची बाजू. गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा मंचावरची नवी पावलेही अंगणात येतात. तेथे बघणारे चहूबाजूंनी असतात, आणि ओळ पुन्हा वळून रिंगण होते.