प्रीपेड आणि पोस्टपेड भ्रमणध्वनी सेवा

प्रीपेड आणि पोस्टपेड हे भ्रमणध्वनी (मोबाइल) सेवेचे शुल्क आकारण्याचे दोन प्रकार आहेत. प्रीपेड सेवेत ग्राहक वापरापूर्वी पैसे भरतो, तर पोस्टपेड सेवेत महिनाभराच्या वापराचे देयक नंतर भरतो. भारतातील बहुसंख्य जोडण्या प्रीपेड आहेत.

पार्श्वभूमी

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी केलेल्या संभाषणाने भारतात भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ झाला. त्या काळी येणाऱ्या कॉललाही शुल्क पडे. २००३ मध्ये ते बंद झाले. पूर्वी प्रीपेड ग्राहक बोलण्यापुरती रक्कम खात्यात भरत असे. आता ठरावीक दिवसांसाठी अमर्याद कॉल आणि इंटरनेट देणाऱ्या योजना रूढ आहेत. त्यामुळे वापर किती झाला यापेक्षा वैधता केव्हा संपते, याला अधिक महत्त्व आले आहे.

आकारणी

अनेक प्रीपेड योजनांची मुदत २८ दिवसांची असते. अशी योजना घेणाऱ्यास वर्षभरात १२ नव्हे, तर १३ वेळा रिचार्ज करावे लागते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०२२ मध्ये कंपन्यांना ३० दिवसांची आणि दरमहा त्याच तारखेस नूतनीकरण होणारी योजना ठेवणे बंधनकारक केले. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी केवळ कॉल व लघुसंदेशांच्या स्वतंत्र योजनाही अनिवार्य करण्यात आल्या.

प्रीपेड योजनेच्या जाहीर किमतीत साधारणतः १८ टक्के वस्तू व सेवा कर समाविष्ट असतो. पोस्टपेड भाड्यावर तो वेगळा लागतो. म्हणजे ५०० रुपये भाड्याचे देयक ५९० रुपयांचे होते. मर्यादेपलीकडील वापर किंवा परदेशातील रोमिंग यांमुळे ही रक्कम वाढू शकते. काही पोस्टपेड योजनांत एकाच देयकात कुटुंबातील इतर क्रमांकही समाविष्ट करता येतात.

सेवा खंडित होणे

प्रीपेड वैधता संपल्यावर आधी जाणारे आणि काही काळाने येणारे कॉल बंद होतात. क्रमांक सलग ९० दिवस वापरात नसल्यास तो निष्क्रिय होऊ शकतो आणि कालांतराने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. बँक खाते, आधार व यूपीआय यांचे सांकेतिक संदेश याच क्रमांकावर येत असल्याने क्रमांक गमावणे गैरसोयीचे, प्रसंगी धोक्याचे ठरते.

पोस्टपेड सेवा देयकाच्या अंतिम तारखेपर्यंत अखंड राहते. मात्र देयक थकल्यास विलंब शुल्क लागते, सेवा थांबते आणि सिमकार्ड वापरणे सोडले तरी थकबाकीची जबाबदारी संपत नाही.

प्रादेशिक निर्बंध

सुरक्षेच्या कारणास्तव जम्मू-काश्मीरमध्ये इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. वैष्णोदेवी वा अमरनाथ यात्रेस जाणाऱ्या महाराष्ट्रातील यात्रेकरूंनाही हा नियम लागू पडतो.

निवडीचे निकष

खर्चावर निश्चित मर्यादा हवी असणारे, अनियमित उत्पन्न असणारे आणि विद्यार्थी यांना प्रीपेड सेवा सोयीची ठरते. नियमित उत्पन्न असणारे, वारंवार प्रवास करणारे आणि सेवा एक दिवसही खंडित होणे न परवडणारे ग्राहक पोस्टपेडकडे वळतात. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत रिचार्जची तारीख कोण लक्षात ठेवणार, हाही निकष असतो. दीर्घ मुदतीची प्रीपेड योजना हा त्यावरील एक मार्ग आहे.

प्रकार बदलणे

त्याच कंपनीत क्रमांक कायम ठेवून प्रकार बदलता येतो. कंपनी बदलण्यासाठी १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून संकेतांक मिळवावा लागतो. ही सुविधा जानेवारी २०११ पासून देशभर उपलब्ध आहे. पोस्टपेड ग्राहकाने त्यापूर्वी मुदत उलटलेली थकबाकी भरलेली असणे आवश्यक असते.