उपड्या बादलीवरचा गुरू

पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात त्या केवळ बटाटेवड्यासाठी नव्हेत, हे आमच्या गावाबाहेरच्या माणसांना मुद्दाम सांगावे लागते. प्रवासी वड्याच्या मागे धावत असतात, आणि तेवढ्या अवधीत गाडीच्या पाठीला मागून इंजिने येऊन लागतात. त्यांना आम्ही 'बँकर' म्हणतो. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली तेव्हापासून या घाटाचा चढ रेल्वेच्या लोकांना घाम फोडीत आला आहे. दर ३७ फुटांना एक फूट वर! पुढचे इंजिन कितीही दांडगे असले तरी मागून रेटणारा लागतोच. लोणावळा आले की बँकर सुटतो आणि मुकाट्याने घाट उतरून परत येतो. गाडीचे नाव सर्वांच्या तोंडी असते. बँकरला नावच नसते.

खेळांचा इतिहास लिहिताना आपण नेमके हेच करतो. शिखरावर पोहोचलेल्या खेळाडूचे छायाचित्र छापतो आणि त्याला मागून रेटणारा माणूस चौकटीबाहेर राहतो. कर्जत तालुक्यातल्या शाळांतून मुलामुलींना खेळ शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यांत कबड्डी होती, खोखो होता आणि पुढे पुढे सॉफ्टबॉलही आला. या शेवटच्या खेळाने गुरूविषयी माझे कुतूहल फार चाळवले. कारण या खेळात गुरूवाचून पानही हलत नाही, आणि या गुरूचे आसन म्हणजे बहुधा एक उपडी घातलेली बादली असते!

पण आधी खेळाची जन्मकथा सांगायला हवी. ती आहेही मजेदार. १८८७ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या 'थँक्सगिव्हिंग'च्या सुट्टीच्या दिवशी, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण मंडळी तारेची वाट पाहात बसली होती. येल आणि हार्वर्ड या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याचा निकाल यायचा होता. येल जिंकल्याची तार आली आणि आनंदाच्या भरात एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याच्या अंगावर भिरकावला. त्याने तो काठीने परतवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने तोच मोजा दोरीने आवळून चेंडूसारखा केला आणि डाव मांडला. बेसबॉल मैदानावरचा, हा दिवाणखान्यातला. खोली लहान, चेंडू मोठा आणि मऊ; म्हणून तो खांद्यावरून न फेकता हाताखालून टाकायचा. घरात काचा फुटू नयेत यासाठी आपल्या आया जो नियम करतात, तोच हा! पुढे १८९५ मध्ये मिनिॲपोलिसच्या आगीच्या बंबवाल्यांनी हा खेळ उघड्यावर आणला. 'सॉफ्टबॉल' हे नाव १९२६ चे, आणि साऱ्या अमेरिकेत एकच नियम लागू करण्याची धडपड १९३३ नंतरची.

हाताखालून चेंडू टाकणे म्हटले की क्रिकेटवेड्या मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडते. क्रिकेटने १८६४ मध्ये खांद्यावरून हात फिरवायला पूर्ण मोकळीक दिली आणि खालचा हात मागे पडला. १९८१ च्या फेब्रुवारीत मेलबर्नला ट्रेव्हर चॅपेलने शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडला, तेव्हापासून तर 'अंडरआर्म' हा शब्द जवळजवळ शिवीच झाला. सॉफ्टबॉलने मात्र हाच टाकाऊ हात उचलला आणि त्यातून विलक्षण वेग काढला.

तो कसा? देशावर जोंधळ्याच्या माळ्यावरून पाखरे हाकणारी गोफण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना फार समजावून सांगायला नको. गोफण गरगर फिरते, आणि नेमक्या क्षणी एक टोक सुटले की दगड सणसणत जातो. सॉफ्टबॉलची 'पिचर', म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, आपल्या हाताचीच गोफण करते. हात समोरून वर, वरून मागे आणि खाली असा पूर्ण वर्तुळात फिरतो. एक पाय लांब पुढे पडतो, दुसरा माती घासत मागून येतो. कमरेपाशी हात येताच मनगट झटका देते आणि चेंडू सुटतो. पवनचक्कीच्या पात्यासारखा हात फिरतो म्हणून या पद्धतीला 'विंडमिल' म्हणतात. चेंडूचा घेर सुमारे ३० सेंटिमीटर, वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या वर. आंतरराष्ट्रीय सामन्यांत बायकांच्या खेळात पिचर फलंदाजापासून १३.११ मीटरवर उभी असते. उत्तम पिचरचा चेंडू तासाला ११० किलोमीटरच्या आसपास धावतो. तिच्या लांब ढांगेमुळे अंतर आणखी कमी होते, आणि फलंदाजाच्या वाट्याला साधारण चार दशांश सेकंद उरतात. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच निर्णय!

आता यातली गोम पाहा. हा चेंडू पुस्तक वाचून येत नाही, आणि एकट्याने भिंतीवर मारूनही पुरता येत नाही. शिकवण्याचा क्रम शेवटाकडून सुरू होतो. आधी नुसते मनगट. पिचर दोन-तीन हातांवर उभी राहून चेंडू केवळ झटक्याने सोडते. मग अर्धे वर्तुळ. मग पूर्ण वर्तुळ, पण पाय न उचलता. सर्वांत शेवटी ढांग. वेग आधी की नेम आधी, यावर मार्गदर्शकांचे एकमत नाही. पण या साऱ्या पायऱ्यांवर समोर कोणीतरी बसून चेंडू झेलावा लागतो, यावर सर्वांचे एकमत आहे. दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्षे. अमेरिकेत हे काम बहुधा मुलीचा बाप करतो. फार वेळ उकिडवे बसून गुडघे धरतात म्हणून तो चेंडूंची बादली उपडी घालून तिच्यावर बसतो. तिथल्या मैदानांवर या बापांना 'बादलीवाले बाबा' अशा अर्थाचे नावच पडले आहे.

या झेलणाऱ्याचे काम केवळ चेंडू परत देण्याचे नाही. शंभरावा चेंडू पहिल्यापेक्षा दोन बोटे बाहेर का गेला, खांदा दुखतो आहे की मन उडाले आहे, हे त्यालाच आधी कळते. हाताखालून टाकलेल्या चेंडूने हात दुखावत नाही, ही समजूत फार काळ रूढ होती. म्हणून एकाच मुलीकडून दिवसाला दोन-दोन सामने टाकून घेत. पुढे शास्त्रज्ञांनी मोजमापे घेतली तेव्हा दिसले की या वर्तुळात खांद्यावर आणि दंडाच्या पुढल्या स्नायूवर पडणारा ताण खांद्यावरून फेकणाऱ्याच्या ताणाहून फारसा कमी नसतो. म्हणजे 'आता पुरे' म्हणणारे माणूस हवे. शिकवणे सोपे असते. थांबवणे हीच गुरूची खरी परीक्षा!

या खेळातल्या थोर नावांमागे हा मागचा रेटा सतत दिसतो. कनेक्टिकटची जोन जॉइस हे एक नाव. १९६१ मध्ये वॉटरबरीच्या मैदानावर तिने टेड विल्यम्सला चेंडू टाकले. हा विल्यम्स म्हणजे बेसबॉलच्या सर्वश्रेष्ठ फलंदाजांपैकी एक, नुकताच निवृत्त झालेला. त्याला तिचा चेंडू धड मारता येईना. ही हकीकत अमेरिकेत घरोघर सांगतात. फारसे न सांगितले जाणारे पुढचे आहे: हीच जोन उतारवयात फ्लोरिडाच्या एका विद्यापीठात मार्गदर्शक झाली, तिथला संघ तिने शून्यातून उभा केला आणि २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती मैदानावरच होती. हजारावर विजय तिच्या शिष्यिणींच्या नावे जमा आहेत.

जपानची कथा तर एखाद्या कादंबरीसारखी आहे. रेन यान्ली ही चीनच्या राष्ट्रीय संघाची खेळाडू. ती जपानात आली ती ताएको उत्सुगी या गुरूच्या ओढीने. १९९५ मध्ये तिने जपानचे नागरिकत्व घेतले आणि गुरूचेच आडनाव लावले. ती रेइका उत्सुगी झाली. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ताएको मार्गदर्शक आणि रेइका खेळाडू, असे मिळून त्यांनी रौप्यपदक आणले. याच दोघींच्या हाताखाली युकिको उएनो ही पिचर तयार झाली. २००८ मध्ये बीजिंगला उएनोने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्णपदक खेचून आणले. 'आता पुरे' म्हणणाऱ्याची गरज किती, हे त्या आकड्यावरूनच ध्यानी यावे! पुढे १३ वर्षे हा खेळ ऑलिंपिकच्या बाहेर राहिला. २०२१ मध्ये टोकियोत तो परतला तेव्हा उएनो ३९ वर्षांची होती आणि मार्गदर्शक होती रेइका. पुन्हा सुवर्ण. पण त्या अंतिम सामन्यात मधला भार वीस वर्षांच्या मिउ गोतोने उचलला. उएनोचा हात वाचवणारी माणसे आता बाजूला उभी होती.

आपल्याकडे काय? १९२० मध्ये हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थाने मद्रासला वाय. एम. सी. ए.चे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. खेळाच्या शिक्षकालाही शिक्षण लागते, हा विचार या देशात रुजवणाऱ्यांत त्याचे नाव मोठे. भारतीय सॉफ्टबॉल महासंघ १९६१ चा. आज शालेय स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आहे आणि महाराष्ट्राच्या मुली तो हिरिरीने खेळतात. पण गुरूची परंपरा आपल्याला परकी थोडीच आहे! तालमीतला वस्ताद पहाटे जोर मोजीत उभा असे, ते काय होते? १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक आणले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. बँकर म्हणावा तर असा!

आपल्या इतिहासात याची दुसरी, काळी बाजूही आहे. पळवणकर बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात नोकर होते. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेला हा तरुण तासन्‌ तास साहेबांना गोलंदाजी करी; पण बॅट त्यांच्या हाती कोणी दिली नाही. कॅप्टन ग्रेगसारख्या फलंदाजाला रोज चेंडू टाकता टाकता बाळू घडले. शिकवणाऱ्याला आपण शिकवतो आहोत याची कल्पनाही नव्हती. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. आपण अभिमानाने हा आकडा सांगतो. पण त्या हातात लहानपणीच कोणी बॅट दिली असती तर, हा प्रश्न आकड्यात मावत नाही. कोणाला गुरू मिळतो आणि कोणाला नुसती हमाली मिळते, हे ठरवणारी माणसे मैदानाबाहेरच बसलेली असतात.

आमच्या कर्जत-खालापुरात हा प्रश्न रोजचा आहे. डोंगराच्या कुशीतल्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांतली पोरे बेचकीने टिपलेला नेम पाहावा! आंब्याच्या शेंड्यावरची कैरी खाली आणणारा हात शिकवावा लागत नाही. पण जूनपासून चार महिने मैदानांचा चिखल. भातकापणी झाली की काही मुले आईबापांमागे वीटभट्टीवर जातात. आणि मुलगी आठवी-नववीत गेली की घरच्यांना तिचे मैदानावर असणे नकोसे होते. पिचर घडायला लागणारी वर्षे नेमकी हीच. वेग दोन हिवाळ्यांत येतो, नेमाला चार-पाच लागतात. हात तयार होण्याआधीच मैदान सुटते.

माझ्याकडे एक मुलगी होती. बाप बाजारात भाजी विकी. त्याला खेळातले काही कळत नव्हते. पण संध्याकाळी दुकान आवरून तो यायचा आणि विटांवर बसून तिचे चेंडू झेलायचा. मी साठ चेंडूंची मर्यादा घातली होती. दर दहा चेंडूंना तो एक खडा डाव्या बाजूचा उजव्या बाजूला ठेवी; सहावा खडा सरकला की उठून उभा राही. मुलगी कितीही गयावया करो, एकसष्टावा चेंडू त्याने कधी झेलला नाही. ती विभागीय स्पर्धेपर्यंत गेली, त्यापुढे नाही. पण तिचा खांदा कधी दुखला नाही, आणि दहावीपर्यंत तिचे मैदान सुटले नाही. आमच्या तालुक्यात हा काही लहान पराक्रम नव्हे.

दिवाळीच्या सुट्टीत मैदाने सुकून टणक झालेली असतात, हवा अंगाला मानवते, आणि मुलांच्या हातात वेळ असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी खेळाचे नियम पाठ करण्याची गरज नाही. न्हाणीघरातली एक बादली उचलावी, अंगणात उपडी घालावी, आणि समोरच्या मुलीला सांगावे, "टाक बाई, मी बसलोय." मोजायला सहा खडे पुरतात.