गाडीची बॅटरी वारंवार का उतरते? कारण शोधण्याची घरगुती पद्धत

दिवाळीत किंवा उन्हाळ्यात मुलांकडे पुण्याला, नागपूरला, बेंगळुरूला तीन-चार आठवडे राहून अवधपुरीला परत यावे, गाडीला किल्ली लावावी आणि आतून नुसते ‘टक्’ ऐकू यावे, हा अनुभव आपल्या वसाहतीत नवा नाही. कुणाला तरी बोलावून गाडी चालू करून घेतली जाते, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. मग नवी बॅटरी येते आणि काही महिन्यांत तीही उतरते.

हा विषय आम्ही येथे सविस्तर घेत आहोत, कारण आपल्या अनेक कुटुंबांत आता घरी दोघे ज्येष्ठच असतात. गाडी रोज लागत नाही, पण ज्या रात्री लागते त्या रात्री ती दवाखान्यासाठी लागते. तेव्हा ती सुरू व्हायलाच हवी. आमचे सांगणे एकच आहे: बॅटरी उतरणे हे लक्षण आहे, रोग वेगळा असू शकतो. मोजमाप केल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नये.

बॅटरी उतरण्याची चार कारणे

गाडीची बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी समजा. टाकी रिकामी मिळते त्याची कारणे चारच असतात.

१. टाकीच फुटकी आहे: बॅटरी जुनी झाली किंवा खराब झाली.
२. टाकी भरतच नाही: अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंग यांत दोष आहे.
३. नळ गळतो आहे: गाडी बंद असतानाही काहीतरी वीज खात आहे.
४. वापर तसा आहे: गाडी फार वेळ उभी राहते किंवा अगदी थोडी चालते.

पाचवा प्रकार फसवा असतो. टाकी भरलेली, पण पाइप तुंबलेला. म्हणजे टर्मिनल सैल किंवा गंजलेले. बॅटरी चांगली असूनही उतरल्यासारखी वाटते.

आधी लक्षणे नीट पाहा

सेल्फ मारताना इंजिन मंद, ओढत फिरते आणि हेडलाइट मंदावतात: बॅटरीत चार्ज कमी आहे किंवा टर्मिनलचा जोड खराब आहे.

दिवे झगझगीत आहेत, पण सेल्फ मारल्यावर एकच ‘टक्’ येतो: स्टार्टर किंवा त्याच्या वायरीकडे पाहा.

एकामागून एक ‘टकटक’ असा आवाज येतो: चार्ज फारच कमी आहे.

गाडी चालू असताना डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो: चार्जिंगचा दोष आहे. अशा वेळी गाडी बंद न करता थेट मेकॅनिककडे न्यावी. मात्र इंजिन तापू लागले किंवा स्टिअरिंग जड झाले, तर पट्टा तुटला असण्याची शक्यता असते. मग गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करावी.

चार मोजमापे

यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. भेलच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींत उभी हयात मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर तपासण्यात घालवलेले निवृत्त अभियंते कमी नाहीत. घरात मीटर नसेल तर शेजारी नक्की सापडेल. मीटर डी.सी. व्होल्टवर ठेवा, लाल टोक धन टर्मिनलला, काळे ऋण टर्मिनलला.

*पहिले: उभ्या गाडीचे व्होल्टेज.* गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. नुकत्याच चाललेल्या गाडीत आकडा उगाच जास्त दिसतो.

- 12.6 किंवा अधिक: बॅटरी भरलेली
- 12.4: सुमारे पाऊण
- 12.2: सुमारे अर्धी
- 12.0: पाव भाग उरलेला
- 11.9 पेक्षा कमी: उतरलेली

बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा साधारण 2.1 व्होल्ट देतो. पूर्ण चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपासच राहत असेल, तर एक कप्पा गेला असे समजावे. ती बॅटरी सुधारत नाही.

*दुसरे: सेल्फ मारताना.* एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मीटर पाहावा. आकडा क्षणभर खाली येईल, पण भरलेल्या बॅटरीत तो 9.6 च्या खाली जाऊ नये. उभ्याने 12.6 दाखवून सेल्फला 8 वर येणारी बॅटरी आतून संपलेली असते. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्टर लावून हीच गोष्ट तपासतात. मात्र तपासणीआधी बॅटरी पूर्ण चार्ज केलेली हवी, नाहीतर चांगली बॅटरीही नापास होते.

*तिसरे: इंजिन चालू असताना.* आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान हवा. हेडलाइट आणि पंखा लावून, थोडा अॅक्सिलरेटर देऊन पुन्हा पाहा, तो 13.5 च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असूनही 12.5 च्या खाली घसरत राहिला, तर अल्टरनेटर भरत नाही. 15 च्या वर सतत राहिला, तर जास्त भरतो आहे आणि बॅटरी आतून सुकवतो आहे. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो. तेथे एका आकड्यावर निर्णय न घेता दहा मिनिटे पाहत राहावे.

*चौथे: गळती.* हे काम थोडे जपून करायचे. बोनेट उघडा, दारे लावून घ्या, गाडी लॉक करा. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर किल्ली घरात लांब ठेवा. जवळ असली तर गाडी ‘झोपत’ नाही. ऋण टर्मिनलची वायर काढा. मीटर 10 अँपिअरच्या जागेवर लावून एक टोक वायरीला, दुसरे बॅटरीच्या ऋण खुंटीला जोडा. आता अर्धा ते एक तास थांबा, कारण नव्या गाड्यांतील यंत्रणा हळूहळू झोपी जातात. मीटर जोडलेला असताना दार उघडू नका आणि किल्ली तर मुळीच फिरवू नका. सेल्फचा प्रवाह शंभर अँपिअरच्या वर असतो, मीटर जळेल.

20 ते 50 मिलिअँपिअर गळती सर्वसाधारण समजावी. घड्याळ, लॉक आणि अलार्म यांना तेवढे लागते. त्यापेक्षा बरेच जास्त आले तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा एकदम खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर अल्टरनेटरमधील डायोड किंवा स्टार्टरची वायर असू शकते. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनवर सोपवावे.

गळतीचे नेहमीचे चोर

डिकीचा किंवा डॅशबोर्डच्या कप्प्याचा न विझणारा दिवा, बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर, उभ्या गाडीतही चित्रण करणारा डॅशकॅम, सॉकेटमध्ये राहिलेला चार्जर आणि चिकटून बसलेला रिले. गळती नंतर बसवलेल्या वस्तूंत आधी शोधावी.

गळती छोटी दिसते, पण हिशेब पाहा. लहान गाडीत साधारण 35 अँपिअर-तासांची बॅटरी असते. 30 मिलिअँपिअरने दिवसाला 0.72 अँपिअर-तास जातात. भरलेली बॅटरी अर्धी व्हायला चोवीस दिवस लागतात. गळती 200 मिलिअँपिअर असेल, तर तेच काम चार दिवसांच्या आत होते. डिकीतला 5 वॉटचा एक दिवा दोन दिवसांत अर्धी बॅटरी खातो. हेडलाइट राहिले तर चार तासांत खेळ संपतो.

म्हणजे महिनाभर बाहेरगावी राहून आल्यावर गाडी सुरू झाली नाही, तर तिच्यात दोष असेलच असे नाही. निर्दोष गाडीची, पण तीन-चार वर्षांची बॅटरीही एवढ्या काळात हार मानते.

अवधपुरीतील वापर आणि ऊन

पिपलानी किंवा बरखेड्याचा बाजार, बँक, मंदिर, ओळखीचे डॉक्टर, एवढ्यातच आपली बरीचशी धाव संपते. एकदा सेल्फ मारण्यात बॅटरीची फारशी वीज जात नाही, 0.1 अँपिअर-तासाहून कमीच. अडचण वेगळी आहे. उतरलेली बॅटरी सावकाश भरते आणि शेवटचा भाग तर फारच सावकाश. एकदा अर्धी झालेली बॅटरी दहा मिनिटांच्या फेऱ्यांनी भरून येत नाही. वर पंखा, दिवे आणि मोबाइलचा चार्जर चालूच असतात.

अर्धवट स्थितीत राहिलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक थर बसतात. मग तिची साठवणच कमी होते. पुन्हा पुन्हा पूर्ण उतरलेली बॅटरी त्यामुळेच लवकर मरते. दारात उभी करून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने पेट्रोल जळते, बॅटरी फारशी भरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास सलग गाडी चालवावी. भोजपूरला दर्शनाला जाऊन आलात तरी काम झाले. बॅटरी खूप उतरली असेल, तर मात्र चार्जरवर रात्रभर लावणे हाच उपाय.

भोपाळचा मे महिना चाळिशी पार करतो. उघड्यावर उभ्या गाडीच्या बोनेटखाली बॅटरी भाजून निघते. गंज आणि आपोआप उतरणे दोन्ही वाढतात. पण हे नुकसान कळते ते डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात, कारण तेव्हा इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि बॅटरीची ताकद कमी पडते. म्हणून तपासणी थंडीच्या आधी, दिवाळीच्या साफसफाईबरोबर करून घ्यावी.

टर्मिनलची निगा

पांढरा-हिरवा थर दिसला तर आधी ऋण, मग धन टर्मिनल काढा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडे करा. जोडताना आधी धन, मग ऋण. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे असावेत आणि अंगठी-घड्याळ काढून ठेवावे. पाणी भरण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी चालत नाही, अॅसिड तर कधीच घालू नये.

बाहेरगावी जाताना

दोन आठवड्यांपर्यंत सहसा काही करावे लागत नाही. त्याहून अधिक काळ असेल तर तीनपैकी एक करा: ऋण टर्मिनलची वायर काढून ठेवा; गाडी झाकलेल्या, सुरक्षित जागी असेल तर आपोआप थांबणारा मेंटेनन्स चार्जर लावा; किंवा विश्वासातल्या शेजाऱ्याला दहा दिवसांनी एकदा पाऊण तास गाडी फिरवून आणायला सांगा. वायर काढण्यापूर्वी साध्या किल्लीने दार उघडते ना, हे पाहून घ्यावे.

जंपर लावण्याचा क्रम

लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धनाला, मग चांगल्या बॅटरीच्या धनाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋणाला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून हे अंतर. काढताना क्रम उलटा. फुगलेल्या, तडकलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीला जंपर लावू नये. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. हायब्रीड व इलेक्ट्रिक गाड्यांतही 12 व्होल्टची बॅटरी असते, पण त्यांतील नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. तेथे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच चालावे.

नवी घ्यायचीच असेल तर

चारही मोजमापांनंतर दोष बॅटरीचाच ठरला, तर त्याच मापाची आणि त्याच प्रकारची घ्या. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी टिकत नाही. मूळ प्रकारचीच लागते. बनवल्याचा महिना पाहा. दुकानात बरेच महिने पडून राहिलेली घेऊ नका. बिल आणि वॉरंटी कार्ड जपा. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, किमतीतून वजावट मिळते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटरी गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती भंगारात देऊन कुठेतरी उघड्यावर फोडली जाऊ नये. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते.

शेवटी एक छोटी सवय सुचवतो. गाडीच्या कागदपत्रांबरोबर एक कार्ड ठेवा आणि दर सहा महिन्यांनी त्यावर तारीख व आकडे लिहा: उभ्याने किती, सेल्फला किती, चालू असताना किती. पहिले दोन आकडे प्रत्येक वेळी थोडे थोडे उतरताना दिसले, की बॅटरी बदलण्याची वेळ तुम्हाला आधीच कळेल, आणि तीही दिवसाउजेडी, दुकान उघडे असताना.